यंत्राला वरून आणखी पंखा लागावा का?



मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या एका विद्यार्थ्याचे आजोबा शाळेच्या कार्यालयात आले. नातू नववीत. त्याच्या वाढदिवसाला आजोबांनी पेन्शनमधून साठवलेल्या पैशांतून टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल घेऊन दिला होता. थंडीत तो छान चालला. मे महिना लागला तसा अर्ध्या-पाऊण तासात पडद्यावर 'यंत्र फार तापले आहे' अशी सूचना येई आणि खेळ बंद पडे. दुकानदाराने सांगितले, "ग्वाल्हेरच्या उन्हात हे असंच व्हायचं. खाली पंखे असलेला कूलिंग स्टँड घ्या, अठराशे रुपये."

आजोबांनी मला विचारले, "सर, एवढे पैसे मोजून घेतलेल्या यंत्राला वरून आणखी पंखा का लागावा? आणि घेतला तर उपयोग होईल का?"

प्रश्न साधा आहे, पण त्यात आठवीपासून बारावीपर्यंतचे बरेचसे उष्णताशास्त्र दडलेले आहे. शिवाय अठराशे रुपयांचाही प्रश्न आहे. म्हणून या अंकातील विज्ञानपाठ त्याच विषयावर.

आधी शब्द नीट करून घेऊ

आपल्याकडे मुले घरी मराठी बोलतात आणि पुस्तक हिंदी किंवा इंग्रजी वाचतात. माझेही विज्ञान हिंदीतूनच झाले. त्यामुळे एक घोटाळा नेहमी होतो. हिंदी पुस्तकातला 'ताप' म्हणजे मराठीत तापमान. मराठीत 'यंत्राला ताप आला' म्हटले तर आजी कपाळाला हात लावून बघायला उठेल! हिंदीतली 'ऊष्मा' म्हणजे मराठीत उष्णता. उष्णता ही ऊर्जा आहे आणि ती ज्यूलमध्ये मोजतात. तापमान ही वस्तू किती तापली आहे ते सांगणारी राशी आहे आणि ती अंशांत मोजतात.

उष्णता तीन प्रकारे जाते. हिंदीत त्यांना चालन, संवहन आणि विकिरण म्हणतात, मराठीत वहन, अभिसरण आणि प्रारण. आजच्या पाठात पहिल्या दोन प्रकारांचे काम जास्त आहे.

वीज जाते कुठे?

कन्सोलमध्ये गेलेली वीज शेवटी कोठे जाते? पंखा फिरतो, दिवा लागतो, चिपमध्ये हिशोब होतात. पण यातले काहीही साठून राहत नाही. आत गेलेली जवळजवळ सगळी विद्युत ऊर्जा शेवटी उष्णताच होते. २०० वॉट वीज घेणारा कन्सोल म्हणजे २०० वॉटचा छोटा हीटरच. जुने पिवळे १०० वॉटचे दोन बल्ब एका डब्यात लावून ठेवले आहेत असे समजा.

पालकांना आपल्या लहानपणीचे कार्ट्रिजचे व्हिडिओ गेम आठवत असतील. त्यांत पंखा नव्हता. अशा यंत्रांचे मूळ रूप, म्हणजे निन्टेन्डो कंपनीचा १९८३ साली जपानमध्ये आलेला फॅमिकॉम, त्यातही पंखा नव्हता. त्याला वीजच इतकी थोडी लागे की प्लास्टिकच्या खोक्यातून उष्णता आपोआप निघून जाई. आजचा मोठा कन्सोल, उदाहरणार्थ सोनीचा प्लेस्टेशन ५, भारी खेळ चालू असताना साधारण २०० वॉट घेतो. म्हणून पंखा ही आता चैन राहिलेली नाही, तो यंत्राचा आवश्यक अवयव झाला आहे.

उष्णतेचा बाहेरचा रस्ता

चिप असते नखाएवढी. तिच्यातली उष्णता बाहेर काढण्यासाठी रस्ता असा असतो.

पहिला टप्पा: चिपला चिकटून धातूचा मोठा तुकडा बसवतात, त्याला हीट सिंक म्हणतात. दोघांच्या मध्ये हवेची फट राहू नये म्हणून एक लेप लावतात, कारण हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. प्लेस्टेशन ५ मध्ये या लेपाच्या जागी द्रवरूप धातू वापरला आहे. येथे उष्णता वहनाने जाते.

दुसरा टप्पा: हीट सिंकला पातळ पत्र्यांच्या ओळी असतात. पत्रे अनेक असल्याने हवेला लागणारा पृष्ठभाग खूप वाढतो.

तिसरा टप्पा: पंखा या पत्र्यांमधून हवा ढकलतो. ती तापून मागच्या जाळीतून बाहेर पडते. हे झाले अभिसरण, पंख्याने करवलेले.

चौथा टप्पा बहुतेक जण विसरतात. बाहेर पडलेली गरम हवा दूर गेली पाहिजे आणि आत शिरायला ताजी, त्यामानाने थंड हवा मिळाली पाहिजे. हा टप्पा यंत्राच्या खोक्याबाहेर आहे. म्हणजे तो कंपनीच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

आता थोडे गणित. एक लिटर हवा एका अंशाने तापवायला साधारण १.२ ज्यूल उष्णता लागते. २०० वॉट म्हणजे दर सेकंदाला २०० ज्यूल. बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा १५ अंशांनी गरम चालेल असे ठरवले, तर एक लिटर हवा १.२ × १५ = १८ ज्यूल घेऊन जाते. २०० भागिले १८, म्हणजे सेकंदाला साधारण ११ लिटर हवा लागेल. दर दीड सेकंदाला स्नानाची एक बादली भरेल इतकी ताजी हवा यंत्राला सतत हवी.

आता तेच यंत्र टीव्हीखालच्या काचेच्या दारांच्या कप्प्यात ठेवा. कप्प्यात समजा १०० लिटर हवा आहे. ती एका अंशाने तापायला १२० ज्यूल पुरतात, आणि यंत्र तर सेकंदाला २०० देते! लाकूड आणि काच काही उष्णता शोषतात म्हणून प्रत्यक्षात तापमान इतक्या झपाट्याने चढत नाही, पण ते चढतच जाते. यंत्र आपलीच गरम हवा पुन्हा पुन्हा आत ओढत राहते.

पंखा थंडी तयार करत नाही

हे या पाठातले मुख्य वाक्य आहे, वहीत लिहून घ्या. पंखा थंडी तयार करत नाही, तो फक्त हवा हलवतो. आपल्याला पंख्याखाली गार वाटते ते घामाचे बाष्पीभवन होते म्हणून. यंत्राला घाम येत नाही. खोलीत ४२ अंश असेल तर कितीही पंखे लावले तरी यंत्र ४२ अंशांखाली जाणार नाही.

मग बाहेरून लावायच्या पंख्याने काय होते? तीन शक्यता आहेत.

एक, यंत्र मोकळ्या जागी आहे आणि आतला पंखा ठीक आहे. अशा वेळी बाहेरचा पंखा फारसे काही करत नाही. प्लेस्टेशन ५ चेच पाहा. तो हवा पुढच्या बाजूने घेतो आणि मागून सोडतो. आत १२० मिलिमीटर व्यासाचा आणि ४५ मिलिमीटर जाडीचा पंखा आहे. स्टँडमधल्या दोन इवल्या पंख्यांनी खालून फुंकले, तर हवेच्या मुख्य रस्त्यात त्यांची भर किती पडणार?

दोन, बाहेरचा पंखा चुकीच्या दिशेने बसला आहे. मग तो आतल्या पंख्याशी भांडतो, किंवा मागची गरम हवा पुन्हा पुढे आणतो. पैसे देऊन नुकसान.

तीन, यंत्र बंद कप्प्यात आहे आणि कप्प्याच्या मागच्या फळीला भोक पाडून गरम हवा बाहेर काढणारा पंखा बसवला आहे. याचा उपयोग होतो. पण नीट बघा, तो पंखा यंत्रासाठी नाही, कपाटाची चूक सुधारण्यासाठी आहे. कपाटाचे दार उघडे ठेवले तर तेच काम फुकटात होते.

एक मोठी चूक आणि तिची किंमत

मग दोष नेहमी घरच्यांचाच का? नाही. कंपनीची चूक कशी असते त्याचे मोठे उदाहरण आहे.

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आणि २००६ मध्ये भारतात आला. पुढे जगभरातून तक्रारी येऊ लागल्या. बटणाभोवतीच्या गोलातले तीन लाल दिवे लुकलुकत आणि यंत्र मृत होई. या यंत्रात ग्राफिक्सच्या चिपवरचा हीट सिंक बुटका होता, कारण त्याच्या वरच डीव्हीडी ड्राइव्ह बसवलेला होता.

बाजाराने लगेच उपाय विकायला आणले. यंत्राच्या मागे अडकवायचे पंखे निघाले. त्यांतले काही यंत्राच्याच विजेवर चालत, आणि अशा जोडणीमुळे वीज येण्याची जागा जळाल्याच्या तक्रारी वेगळ्या आल्या. काही लोक तर यंत्राला टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवत, म्हणजे तुटलेले जोड पुन्हा चिकटतील! हा प्रकार कोणीही करू नये. आग लागू शकते, आणि यंत्र चालू झाले तरी ते टिकत नाही.

खरे कारण काय होते? कंपनीच्या लोकांनी २०२१ साली आलेल्या, एक्सबॉक्सच्या इतिहासावरील माहितीपटात ते सांगितले. यंत्र चालू केले की चिप तापते आणि प्रसरण पावते, बंद केले की थंड होऊन आकुंचन पावते. वेगवेगळे पदार्थ वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून त्यांना जोडणाऱ्या सूक्ष्म जोडांवर प्रत्येक वेळी ताण येतो. शेकडो वेळा असे झाले की जोड तुटतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते तसेच हे. रेल्वेच्या रुळांतली फट आपण सहावीत शिकतो, तोच नियम येथे केसाहून बारीक जागेत लागू झाला.

आता सांगा, मागे पंखा अडकवून हे जोड मजबूत झाले असते का? नाही. दोष आतला होता.

जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तीन लाल दिव्यांच्या बिघाडासाठी हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च धरला. पुढे २०१० साली आलेल्या नव्या घडणीत मुख्य दोन्ही चिपांचे काम एकाच, कमी वीज घेणाऱ्या चिपमध्ये आणले. उपाय झाला तो असा: हमीने आणि आतली रचना बदलून.

यावरून आजोबांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. कंपनीने सांगितलेल्या परिस्थितीत यंत्र ठेवले असेल, तर त्याला वरून आणखी पंखा लागता कामा नये. लागत असेल तर तो यंत्राचा दोष आहे. त्याचा खर्च विकणाऱ्याने सोसायचा, घेणाऱ्याने नव्हे.

पस्तीस अंशांची मर्यादा

पण 'सांगितलेली परिस्थिती' म्हणजे कोणती? यंत्राबरोबरचे बारीक अक्षरांचे पत्रक कोणी वाचत नाही, ते वाचा. प्लेस्टेशन ५ साठी वापरण्याचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलेले आहे. निन्टेन्डोनेही जुलै २०२२ मध्ये जपानमधल्या उन्हाळ्यात आपल्या ग्राहकांना सांगितले होते की स्विच हे यंत्र ५ ते ३५ अंशांच्या दरम्यानच वापरावे आणि हवेच्या जाळ्या झाकू नयेत.

आपल्या गावात मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. गच्चीखालच्या खोलीत दुपारी ३८-४० अंश ही नेहमीची गोष्ट. म्हणजे वर्षातले जवळजवळ दोन महिने, दुपारच्या वेळी, आपण ते यंत्र त्याच्या मर्यादेबाहेर वापरतो.

फरक किती पडतो ते पाहू. समजा चिप ९५ अंशांपर्यंत तापलेली चालते. खोली ३५ अंश असेल तर दोघांत ६० अंशांचे अंतर राहते. खोली ४५ झाली तर अंतर ५० राहते. उष्णता वाहण्याचा वेग या अंतरावर अवलंबून असतो. पंखा तोच, हीट सिंक तोच, तर बाहेर जाणारी उष्णता सुमारे एक षष्ठांशाने घटते. मग यंत्र पंखा जोरात फिरवते, आवाज वाढतो, नंतर ते आपला वेग कमी करते आणि शेवटी स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. हे बंद पडणे म्हणजे बिघाड नव्हे, संरक्षण आहे.

येथे मला एक मत मांडायचे आहे. जी कंपनी आपल्या देशात माल विकते तिला आपला उन्हाळा ठाऊक असतो. मोठा हीट सिंक बसवून ४५ अंशांतही चालेल असे यंत्र बनवणे अशक्य नाही. ते थोडे मोठे, थोडे महाग होईल इतकेच. ते बनवायचे नसेल तर निदान खोक्यावर ठळक अक्षरांत, घेणाऱ्याला कळेल त्या भाषेत, ३५ ची मर्यादा लिहावी आणि दुकानदाराने ती विकण्यापूर्वी सांगावी. नंतर स्टँड विकताना उन्हाचे नाव घेणे बरोबर नाही.

कूलरसमोर ठेवले तर?

हा प्रश्न मुले विचारणारच. कूलरने खोली थंड झाली तर ते यंत्रालाही चांगले. पण यंत्र कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. कूलरची हवा ओलसर असते आणि तिच्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार येतात. आपल्याकडचे पाणी जड. तुषार वाळले की क्षार मागे राहतात. ओल आणि क्षार एकत्र आले की आतल्या जोडांना गंज चढतो. खोलीच्या एका टोकाला कूलर, दुसऱ्या टोकाला यंत्र आणि एक खिडकी उघडी, ही रचना ठीक.

आजोबांना काय सांगितले

मी त्यांना म्हटले, "आजोबा, स्टँड आठ दिवस राहू द्या. आधी यंत्र कुठे ठेवले आहे ते सांगा." यंत्र टीव्हीखालच्या शोकेसमध्ये होते. काचेची दारे बंद, धूळ जाऊ नये म्हणून. वर आजींनी विणलेला क्रोशाचा रुमाल, तो मागच्या जाळीवर लोंबणारा. सगळे प्रेमाने केलेले, आणि सगळे हवेच्या वाटेत.

यंत्र उघड्या स्टुलावर, भिंतीपासून वीतभर पुढे आले. जाळ्यांवरची धूळ काढली. मुलाला मी प्रयोगशाळेतला तापमापक दिला आणि रोज तापमान, खेळण्याची वेळ आणि सूचना आली की नाही हे लिहायला सांगितले. त्याची वही माझ्याकडे आहे. सकाळी आणि रात्री, खोली ३५ च्या खाली असताना, आठ दिवसांत एकदाही सूचना आली नाही. दुपारी ४१ अंशांत खेळला त्या दिवशी आली. म्हणजे यंत्र ठीक होते. दुपारची वेळ खेळाची नव्हती, हे आईने आधीच सांगितले होते, ते आता तापमापकानेही सांगितले.

अठराशे रुपये वाचले. त्यातून काय घेतले ते मी विचारले नाही. आजींचा रुमाल आता टीपॉयवर आहे एवढे कळले.

घरी काय करावे

१. यंत्राच्या चारही बाजूंना किमान वीतभर मोकळी जागा ठेवा. गालिचा, गादी किंवा बंद कप्पा नको.

२. यंत्र बंद करून, प्लग काढून, जाळ्यांवरची धूळ मऊ ब्रशने काढा. आंधीनंतर नक्की. हमी चालू असताना खोके उघडू नका.

३. खोलीत ३५ पेक्षा जास्त तापमान असेल तर खेळ थांबवा. तापल्याची सूचना आली तर यंत्र बंद करा आणि थंड होऊ द्या.

४. मोकळ्या जागी, ३५ च्या खाली, धूळ काढूनही यंत्र बंद पडत असेल तर पंखा विकत घेऊ नका. बिल घेऊन कंपनीच्या सेवा केंद्रात जा. बाहेरून अडकवलेल्या वस्तूमुळे बिघाड झाला तर हमी नाकारली जाऊ शकते, हेही लक्षात ठेवा.

५. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष मालाबद्दल तक्रार करता येते, पण ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. बिल जपून ठेवा.

करून पहा

प्रयोग १. टिश्यू पेपरची बारीक पट्टी चालू यंत्राच्या जाळ्यांजवळ धरा. जेथे ती आत ओढली जाते ती हवा शिरण्याची जागा, जेथे बाहेर फडफडते ती हवा निघण्याची. पट्टी जाळीच्या आत जाऊ देऊ नका. दोन्ही जागा वहीत आकृती काढून दाखवा.

प्रयोग २. मोठ्यांच्या मदतीने तीन सारख्या, एकाच पत्र्याच्या स्टीलच्या बाटल्यांत ६० अंशांचे पाणी भरा आणि झाकणे लावा. एक टेबलावर मोकळी, एक बंद खोक्यात, एक पंख्यासमोर ठेवा. दर दहा मिनिटांनी तापमान मोजा, झाकण लगेच परत लावा. कोणती लवकर थंड होते? पंख्यासमोरची बाटली खोलीच्या तापमानाखाली जाते का? मग त्याच बाटलीला ओले फडके गुंडाळून पुन्हा पंख्यासमोर ठेवा. आता काय दिसते? कूलर आणि पंखा यांतला फरक तुमच्या हाती येईल.

स्वाध्याय

१. १२० वॉटच्या यंत्रातून निघणारी हवा आत शिरणाऱ्या हवेपेक्षा १० अंशांनी गरम आहे. सेकंदाला किती लिटर हवा वाहते?

२. चिप आणि हीट सिंक यांच्यामध्ये हवेची फट का चालत नाही?

३. 'रात्री गोधडी पांघरून मोबाइल चार्ज करणे' या सवयीतली चूक वहन आणि अभिसरण हे शब्द वापरून समजावा.

४. घरातील कोणत्याही एका विजेच्या उपकरणाचे पत्रक वाचा. त्यात तापमानाची मर्यादा दिली आहे का? ती आपल्या मे महिन्यात पाळता येईल का? आठ-दहा ओळींत मराठीत लिहा.

उत्तरे आणि प्रयोग २ चे तक्ते पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारपर्यंत कार्यालयात द्यावेत. ज्याचा तक्ता सर्वांत नीट असेल तो फलकावर लावू. उत्तर चुकले तरी चालेल, मोजलेला आकडा मात्र खरा असावा.

— प्राचार्य